सी प्रोग्रॅममध्ये एक्सेप्शन हाताळणी: सेटजंप-लाँगजंप कोणत्या क्रमाने बसवायचं

सेटजंप परतायच्या जागेची खूण करून ठेवते, आणि लाँगजंप कितीही खोल फंक्शनातून थेट त्या खुणेवर उडी मारते. या दोघींच्या जोरावर सी मध्ये ट्राय-कॅच (धोक्याचं काम ट्रायमध्ये, फेकलेली चूक म्हणजे एक्सेप्शन पकडायचं कॅचमध्ये) उभं करायला तासभर पुरतो, आणि तिथेच घात होतो. पहिली चाचणी पास होते, मॅक्रो हेडरमध्ये जातात, सगळी टीम ते वापरू लागते. मग ऑप्टिमायझेशन लावलेल्या बिल्डमध्ये एकच मेमरी दोनदा फ्री होते, उघड्या फाइलींची मर्यादा संपते, किंवा एक्सेप्शन भलत्याच फंक्शनमध्ये उगवतं. असे प्रोग्रॅम मी बरेच दुरुस्त केले आहेत. चूक बहुतेक वेळा उडीत नसते. उडीआधी काय आवरायचं राहिलं, त्यात असते. म्हणून या लेखात उडीपेक्षा आवराआवरीला जास्त जागा दिली आहे, आणि टप्प्यांचा क्रम बदलू नका असा माझा आग्रह आहे.

खालच्या सांगाड्यांमध्ये चौकट, माथा, आवर, फेक ही नावं मी दिलेली आहेत. सेटजंप, लाँगजंप आणि जंप_बफ (सेटजंपची खूण ज्यात राहते तो प्रकार) ही तीन मात्र प्रमाण लायब्ररीतली.

## तयारी: कोड लिहिण्याआधी

१. गरज आहे का ते ठरवा. चूक जिथे सापडते आणि जिथे तिचं काही करता येतं, त्या दोन जागांमध्ये एक-दोनच फंक्शनं असतील तर साधा रिटर्न कोड वापरा. उडी लागते ती खोल रिकर्शनमध्ये: पार्सर, इंटरप्रिटर, फाइल डीकोडर. लुआ भाषेचा सी मधला इंटरप्रिटर, पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचा सर्व्हर, पीएनजी चित्रं वाचणारी लिबपीएनजी या सगळ्यांनी हीच पद्धत घेतली आहे ती त्याचमुळे. जेपीईजी चित्रांच्या लिबजेपीईजीमध्ये तर चूक झाली की मूळ हँडलर सरळ एक्झिट करतो. ते टाळायचं असेल तर आपला हँडलर लावून त्यातून लाँगजंप करावी लागते.

२. ताब्यातल्या गोष्टींची यादी करा. कागदावरच करा. धोक्याच्या भागात घेतलेली मेमरी, उघडलेल्या फाइली, लावलेले लॉक, तात्पुरत्या फाइली, बदललेले ग्लोबल व्हेरिएबल. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: सोडणार कोण, आणि घेणं व सोडणं यांच्या मध्ये कोणकोणते कॉल एक्सेप्शन फेकू शकतात. ही यादी नसेल तर पुढचा चौथा टप्पा तुम्हाला जमणार नाही.

३. एक्सेप्शनचे कोड १ पासून सुरू करा. ० हा आकडा सेटजंपने 'पहिल्यांदा परतले' या अर्थासाठी राखून ठेवला आहे. लाँगजंपला तुम्ही ० दिलात तर सेटजंप त्याऐवजी १ परत देते. म्हणजे ० नंबरचं एक्सेप्शन गुपचूप १ नंबरचं होऊन बसतं.

४. दोन बिल्ड तयार ठेवा. एक ऑप्टिमायझेशनशिवाय, दुसरी -ओ२ (ऑप्टिमायझेशनची नेहमीची पातळी) सह. कंपायलर जीसीसी असेल तर -डब्ल्यूएक्स्ट्रा लावा. त्यात -डब्ल्यूक्लॉबर्ड ही सूचना येते, आणि उडीत मूल्य हरवू शकेल अशा काही व्हेरिएबलांवर ती बोट ठेवते. सगळ्यांवर नाही, हे ध्यानात असू द्या.

## टप्पा १: सेटजंप नेमकं काय जपते ते पक्कं करा

सेटजंप ही स्टॅकची (चालू फंक्शनांची लोकल व्हेरिएबलं राहतात त्या मेमरीची) प्रत काढत नाही. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. ती फक्त 'मी कुठे उभा होतो' एवढी खूण ठेवते. लिनक्सवर एक्स८६-६४ प्रोसेसरसाठी ही खूण म्हणजे मुख्यतः आठ मूल्यं: स्टॅक पॉइंटर, परतीचा पत्ता, आणि बोलावलेल्या फंक्शनने जसेच्या तसे परत द्यायचे असे सहा रजिस्टर. स्टॅकवरचा मजकूर, हीप, उघड्या फाइली, फ्लोटिंग पॉइंटचे स्टेटस फ्लॅग यांतलं काहीही मागे जात नाही.

यातून दोन नियम निघतात.

पहिला: ज्या फंक्शनमध्ये सेटजंप बोलावली ते फंक्शन उडीच्या वेळी जिवंत हवं. ते परतलं असेल तर त्या जागी आता दुसऱ्याच कोणाचा स्टॅक असतो, आणि उडी तिथे पडते. त्यामुळेच सेटजंप एखाद्या मदतनीस फंक्शनमध्ये गुंडाळता येत नाही. गुंडाळायचीच तर मॅक्रोमध्ये.

दुसरा: सेटजंप कुठेही लिहून चालत नाही. सी प्रमाण तिला मोजक्या जागा देतं. इफ, स्विच किंवा लूपची अट म्हणून एकटी, त्याच अटीत एखाद्या पूर्णांक स्थिरांकाशी तुलना करून, उद्गारचिन्हाने उलटवून, किंवा स्वतंत्र विधान म्हणून. 'कोड = सेटजंप(...)' अशी नेमणूक त्यात बसत नाही. बरेच कंपायलर ती चालवून घेतात, पण त्यावर भरवसा ठेवू नका. कोड हवाच असेल तर तो वेगळ्या वाटेने नेऊ, पुढच्या टप्प्यात.

> तपासा: तुमच्या कोडमध्ये सेटजंप कुठे कुठे आहे ते शोधा. प्रत्येक ठिकाणी ती थेट अटीतच आहे ना?

## टप्पा २: चौकट आणि तिचा माथा

एकच ग्लोबल जंप_बफ ठेवून सुरुवात केलीत तर ट्रायच्या आत ट्राय आलं की आतलं बाहेरच्याची खूण पुसून टाकतं. म्हणून प्रत्येक ट्रायची स्वतःची चौकट हवी, आणि त्या चौकटी एकमेकींना जोडलेल्या हव्यात.

```
स्ट्रक्ट चौकट {
    जंप_बफ         जागा;
    स्ट्रक्ट चौकट  *मागची;
    स्ट्रक्ट आवर   *खूण;
};
```

'माथा' हा सगळ्यांत आतल्या चौकटीचा पॉइंटर. 'आवर_माथा' हा आवराआवरीच्या यादीचा पॉइंटर. दोन्ही थ्रेड-लोकल करा, म्हणजे प्रत्येक थ्रेडची आपली वेगळी प्रत राहील. आज प्रोग्रॅम एकाच थ्रेडचा असला तरी करा. एका थ्रेडने घेतलेल्या खुणेवर दुसऱ्या थ्रेडमधून उडी मारली तर काय होईल याची कसलीच हमी प्रमाणात नाही.

आता घटनेची माहिती: कोड, फाइलचं नाव, ओळ, मजकूर. ही चौकटीत ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. चौकट हे सेटजंप असलेल्या फंक्शनचं लोकल व्हेरिएबल आहे. सेटजंपनंतर आणि लाँगजंपआधी बदललेल्या आणि व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाचा-लिहा असं कंपायलरला सांगणारा शब्द) नसलेल्या अशा लोकल व्हेरिएबलचं मूल्य उडीनंतर अनिश्चित ठरतं. फेकताना चौकटीत कोड लिहिणं म्हणजे नेमकं हेच करणं. ही माहिती वेगळ्या थ्रेड-लोकल 'घटना' या स्ट्रक्टमध्ये ठेवा. मजकुरासाठी त्यात ठरावीक आकाराचा ॲरे ठेवा आणि एसएनप्रिंटएफने त्यात उतरवा. फेकणाऱ्या फंक्शनच्या लोकल ॲरेचा नुसता पॉइंटर साठवलात तर कॅचमध्ये पोहोचेपर्यंत तो ॲरे गेलेला असतो. मजकुरासाठी मॅलॉकही नको. मेमरी संपल्याचं एक्सेप्शन फेकताना मेमरी कुठून आणणार?

## टप्पा ३: ट्रायचा सांगाडा

मॅक्रो उलगडल्यावर कोड असा दिसला पाहिजे:

```
डू {
    स्ट्रक्ट चौकट च;
    च.मागची = माथा;
    च.खूण   = आवर_माथा;
    माथा    = &च;
    इफ (सेटजंप(च.जागा) == ०) {
        /* धोक्याचं काम */
        माथा = च.मागची;
    } एल्स {
        /* कॅच */
    }
} व्हाइल (०);
```

क्रम पाहा. चौकटीत जे भरायचं ते सगळं सेटजंपच्या आधी भरून झालं आहे. त्यामुळे 'अनिश्चित मूल्य' हा प्रश्नच येत नाही. धोक्याचं काम सुखरूप संपलं की माथा मागे सरकवायचा. कॅचच्या बाजूला मात्र ती ओळ नाही, कारण ते काम फेकणाऱ्याने आधीच केलेलं असतं.

> सावधान: ट्रायच्या आतून रिटर्न, गोटू, ब्रेक किंवा कंटिन्यूने बाहेर पडू नका.

ही एकच सूचना लोक सर्वांत जास्त मोडतात, आणि मोडल्याचं लगेच कळतही नाही. रिटर्न केलंत की माथा मेलेल्या चौकटीकडे बोट दाखवत राहतो, आणि पुढचं एक्सेप्शन, कदाचित दहा मिनिटांनी, त्या मेलेल्या चौकटीत उडी मारतं. ब्रेकचं आणखी फसवं आहे. तुम्हाला वाटतं बाहेरचा फॉर लूप तुटला. खरं तर मॅक्रोतला डू-व्हाइल तुटतो, लूप पुढे चालूच राहतो आणि माथा हलतच नाही. ट्रायच्या आत मूल्य मिळालं की ते बाहेरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, ब्लॉक पूर्ण होऊ द्या, आणि रिटर्न त्याच्याखाली लिहा. पोस्टग्रेएसक्यूएलच्या पीजी_ट्राय मॅक्रोंनाही हाच नियम लागू आहे.

ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमध्ये फोर्टिफाय ही जादा तपासणी चालू असेल तर मेलेल्या चौकटीत मारलेली काही वेळची उडी पकडली जाते आणि 'लाँगजंप कॉजेस अनइनिशियलाइज्ड स्टॅक फ्रेम' असा संदेश देऊन प्रोग्रॅम थांबतो. हा संदेश दिसला तर लाँगजंपची ओळ तपासत बसू नका. ट्रायच्या आत लपलेला रिटर्न शोधा.

## टप्पा ४: आवराआवरीची यादी

बहुतेक लेख या टप्प्यावर 'कॅचमध्ये मेमरी फ्री करा' म्हणून पुढे जातात. पण कॅच सहा फंक्शनं वर असतं आणि मेमरी चौथ्या फंक्शनने घेतलेली असते. कॅचला तिचा पत्ताच नसतो. म्हणून जो घेतो त्यानेच घेतल्याक्षणी नोंद करायची. थ्रेडच्या लायब्ररीतलं पीथ्रेड_क्लीनअप_पुश वापरलं असेल तर ही कल्पना ओळखीची वाटेल.

नोंदीत तीन गोष्टी असतात: आवरणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर, त्याला द्यायचा पॉइंटर, आणि आधीच्या नोंदीचा पॉइंटर. नोंद स्वतः घेणाऱ्या फंक्शनच्या स्टॅकवर लोकल म्हणून राहते, तिला मॅलॉक लागत नाही. नेहमीच्या वाटेने काम संपलं की फंक्शन परतण्याआधी नोंद काढून तीच आवराआवर करायची.

इथे तीन चुका हमखास होतात.

घेणं आणि नोंद यांच्या मध्ये एखादा कॉल घुसतो. फाइल उघडली, लॉग लिहिला, मग नोंद केली. लॉगच्या फंक्शनने एक्सेप्शन फेकलं की फाइल उघडीच राहिली. घेतल्यानंतरची पुढचीच ओळ नोंदीची हवी.

नोंदीत पॉइंटरचं मूल्य ठेवलं जातं आणि नंतर रीॲलॉक होतं. आता नोंद जुन्या पत्त्याकडे बघते. बफर वाढणारा असेल तर नोंदीत त्या पॉइंटरचाच पत्ता ठेवा, म्हणजे आवरताना ताजं मूल्य वाचलं जाईल.

आणि आवरणारं फंक्शन स्वतःच एक्सेप्शन फेकतं. त्याला सक्त मनाई ठेवा. आवराआवर चालू असताना एक फ्लॅग उभा करा. त्या काळात फेक बोलावली गेली तर सरळ अबॉर्ट.

> तपासा: ट्राय सुखरूप संपल्यावर आवर_माथा आणि च.खूण सारखे आहेत असं असर्ट टाका. कोणीतरी नोंद केली पण काढायला विसरलं, तर ते इथेच सापडतं.

## टप्पा ५: फेकण्याचा क्रम

फेक या फंक्शनमध्ये सहा पायऱ्या याच क्रमाने हव्यात:

१. कोड ० असेल तर अबॉर्ट.
२. माथा नल असेल, म्हणजे पकडणारं कोणीच नसेल, तर फाइल, ओळ आणि मजकूर एसटीडीईआरआरवर लिहून अबॉर्ट.
३. 'घटना' भरा.
४. आवर_माथा माथ्याच्या खुणेपर्यंत येईस्तोवर एकेक नोंद यादीतून काढा आणि मग तिचं फंक्शन चालवा.
५. माथा लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि ग्लोबल माथा मागच्या चौकटीवर सरकवा.
६. लाँगजंप.

चौथी पायरी सहावीच्या आधी का? नोंदी ज्या फंक्शनांच्या स्टॅकवर आहेत ती फंक्शनं उडीपर्यंतच जिवंत आहेत. उडीनंतर कॅचमधून यादी चालायला गेलात तर मेलेल्या स्टॅकवरच्या नोंदी वाचाल. त्यातही त्रास असा की छोट्या चाचणीत हे चालून जातं, कारण त्या जागेवर अजून कोणी लिहिलेलं नसतं.

पाचवी पायरी उडीआधी का? कॅचमध्ये पुन्हा एक्सेप्शन फेकलं तर ते बाहेरच्या चौकटीत गेलं पाहिजे. माथा सरकवला नसेल तर ते त्याच कॅचमध्ये परत येतं, पुन्हा फेकतं, पुन्हा येतं. प्रोग्रॅम कोसळत नाही, नुसता सीपीयू खात बसतो. 'कॅचमध्ये अडकलं' अशी तक्रार आली की मी आधी हीच ओळ बघतो.

चौथ्या पायरीत नोंद आधी काढायची, मग चालवायची. उलट केलंत तर तीच गोष्ट दोनदा आवरली जाण्याची वाट उघडी राहते.

फेक परतत नाही हे कंपायलरला नोरिटर्न लावून सांगा, म्हणजे नको त्या सूचना येत नाहीत.

## टप्पा ६: कॅच आणि पुन्हा फेकणं

कॅचमध्ये 'घटना'तला कोड बघून ठरवायचं. ओळखीचा असेल तर हाताळा, नसेल तर पुढे फेका. स्विच वापरत असाल तर डिफॉल्टमध्ये 'पुढे फेक' लिहिल्याशिवाय ते पूर्ण झालं असं मानू नका. तो डिफॉल्ट रिकामा राहिला की अनोळखी चुका गिळल्या जातात.

पुढे फेकण्यासाठी वेगळं फंक्शन ठेवा. ते तिसरी पायरी गाळतं, बाकी सगळं तेच. नाहीतर मूळ फाइल आणि ओळ पुसली जाते आणि लॉगमध्ये सगळ्या चुका कॅचच्याच ओळीवर झालेल्या दिसतात.

फायनली मॅक्रो हवाच का, असं विचारलं जातं. माझं मत: नको. आवराआवरीची यादी असताना फायनलीत टाकण्यासारखं फारसं काही उरत नाही, आणि मॅक्रोंची गुंतागुंत दुप्पट होते.

## टप्पा ७: व्होलाटाइल कुठे लागतो

एक प्रसंग जवळून पाहू. कॉन्फिगरेशनची फाइल वाचणारं फंक्शन. ट्रायच्या आधी बफर = नल. ट्रायमध्ये बफर = मॅलॉक(४०९६), मग वाचन, मग पार्सिंग, आणि तिथे एक्सेप्शन. कॅचमध्ये फ्री(बफर).

ऑप्टिमायझेशनशिवाय बफर हे व्हेरिएबल साधारणपणे स्टॅकवरच्या आपल्या जागेत राहतं. लाँगजंप तिथल्या मजकुराला हात लावत नाही, नवा पत्ता दिसतो, फ्री बरोबर होतं. -ओ२ लावल्यावर कंपायलर तेच व्हेरिएबल रजिस्टरमध्ये ठेवू शकतो. लाँगजंप रजिस्टर सेटजंपच्या क्षणाला होते तसे परत भरते, आणि बफर पुन्हा नल होतो. फ्री(नल) निमूटपणे काहीच करत नाही. ना क्रॅश, ना संदेश. दर चुकीच्या फाइलमागे ४०९६ बाइट गळत राहतात. यावर मी सलग दोन दिवस घालवले आहेत, कारण डीबग बिल्डमध्ये गळती दिसतच नव्हती.

उपाय: ट्रायच्या आधी घोषित केलेलं, ट्रायच्या आत बदललेलं आणि कॅचमध्ये किंवा त्याच्याखाली वाचलेलं प्रत्येक लोकल व्हेरिएबल व्होलाटाइल हवं. तिन्ही अटी लागू असतील तरच. सरसकट सगळ्यांना लावू नका. आणि पॉइंटरच्या बाबतीत शब्द कुठे पडतो ते बघा:

```
व्होलाटाइल चार *बफर; /* चूक: अक्षरं व्होलाटाइल, पॉइंटर नाही */
चार *व्होलाटाइल बफर; /* बरोबर: पॉइंटरच व्होलाटाइल */
```

पहिलं रूप कंपाइल होतं आणि काहीच वाचवत नाही.

चौथ्या टप्प्याची यादी वापरली असेल तर ही गरज बरीच कमी होते, कारण आवराआवर उडीआधीच झालेली असते. उरतात ते मोजणीचे आकडे आणि स्थितीचे फ्लॅग.

> सावधान: ज्याची लांबी चालताना ठरते असा ॲरे धोक्याच्या भागात नको. उडीने ओलांडलेल्या फंक्शनमध्ये असा ॲरे असेल तर त्याची मेमरी गळू शकते. सेटजंप त्याच्या स्कोपमध्ये असेल आणि उडीआधी तो स्कोप सोडला असेल, तर वर्तनाची हमीच नाही.

## टप्पा ८: सीमेवरच्या जागा

सिग्नल (ऑपरेटिंग सिस्टीमने मध्येच दिलेली सूचना, उदाहरणार्थ कंट्रोल-सी). सिग्नल हँडलरमधून फेक बोलावू नका. सिग्नल मॅलॉकच्या मधोमध आला असेल तर हीप अर्धवट अवस्थेत सोडून तुम्ही निघून जाता. हँडलरमध्ये व्होलाटाइल सिग_ॲटॉमिक_टी प्रकारचा फ्लॅग उभा करा, आणि मुख्य प्रवाहात सोयीच्या जागी तो बघून फेका. हँडलरमधून उडी अटळच असेल तर सिगसेटजंप आणि सिगलाँगजंप ही जोडी घ्या आणि सिग्नल मास्क (सध्या रोखून धरलेल्या सिग्नलांची यादी) जपायला सांगा. साधी सेटजंप मास्क जपते की नाही हे पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणाने मोकळं सोडलं आहे. बीएसडी आणि मॅकओएसवर जपते, लिनक्सवर ग्लिबसी एरवी जपत नाही. लक्षण ओळखायला सोपं आहे: पहिला कंट्रोल-सी चालतो, दुसरा चालत नाही.

कॉलबॅक. क्यूसॉर्टच्या तुलना-फंक्शनमधून फेकलंत तर मधल्या लायब्ररीच्या चौकटीही ओलांडल्या जातात. तिने आत मेमरी किंवा लॉक घेतला असेल तर तो तुमच्या यादीत नाही. कॉलबॅकमध्ये चूक नोंदवून ठेवा, लायब्ररी परतली की फेका. उडी चालेल असं लायब्ररीच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलं असेल तेवढाच अपवाद.

सी++. उडीच्या वाटेत डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणारं आवराआवरीचं फंक्शन) असलेले ऑब्जेक्ट येत असतील तर ती उडी मारायची नाही.

## टप्पा ९: चाचण्या

आधी पाच छोट्या: साधं फेकणं-पकडणं, आतल्या ट्रायमधून बाहेर पुन्हा फेकणं, कॅचमध्ये नवीन एक्सेप्शन, ट्राय नसताना फेकणं, जिथे अबॉर्ट अपेक्षित आहे, आणि ट्राय सुखरूप संपल्यावर बाहेरच्या ट्रायमध्ये फेकणं. शेवटची चाचणी लोक विसरतात. माथा मागे सरकवायची ओळ राहिली असेल तर ती इथे सापडते.

मग फेकणं-पकडणं दहा लाख वेळा लूपमध्ये चालवा, मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडखाली थोडं कमी, आणि मेमरी व उघड्या फाइली वाढत नाहीत ना ते बघा. दोन्ही बिल्डमध्ये, आणि जमल्यास जीसीसी व क्लँग दोन्हींवर.

खरी परीक्षा यानंतर. मॅलॉकभोवती आपलं एक फंक्शन गुंडाळा, जे ठरलेल्या क्रमांकाच्या कॉलला नल देतं. आधी पहिला कॉल फसवा, पूर्ण प्रोग्रॅम चालवा. मग दुसरा, मग तिसरा, असं एकही कॉल न फसता प्रोग्रॅम शेवटापर्यंत जाईपर्यंत. एसक्यूलाइट या डेटाबेसचे लेखक मेमरी संपण्याच्या चाचण्या याच रीतीने घेतात. प्रत्येक फेरीनंतर तीन गोष्टी तपासा: माथा नल आहे, आवर_माथा नल आहे, गळती शून्य. तिन्हींपैकी एक जरी चुकली तर फसवलेल्या कॉलचा क्रमांक घ्या, डीबगरमध्ये तिथे थांबा आणि तयारीत केलेली यादी समोर ठेवा. नोंद न झालेली ओळ बहुधा त्या कॉलच्या आसपासच मिळते.